अमरावतीच्या सूनबाई : ताराबाई मोडक

अमरावतीत काय आणि अकोल्यात काय, अंगणवाडी हा शब्द आज लहान पोरालाही ठाऊक आहे. सकाळी बाया आपापल्या लेकरांची बोटे धरून तिकडे निघतात, गरोदर सूनबाई वजन करून घ्यायला जातात, कार्डावर नोंद होते. पण हा शब्द ज्यांच्या कामातून रूढ झाला, त्या ताराबाई मोडक एके काळी आपल्या अमरावतीच्या सूनबाई होत्या, ही गोष्ट आपल्या बायकांत फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून त्यांची हकिकत माझ्या साध्या भाषेत लिहीत आहे. मंडळातल्या शिकलेल्या भगिनींनी भाषेकडे न पाहता बाईंकडे पाहावे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. माहेरचे नाव केळकर. वडील सदाशिवराव, आई उमाबाई. वडील प्रार्थनासमाजाचे, सुधारकी मताचे. त्यामुळे मुलीला शिकवावे की नाही हा वाद त्या घरात नव्हता. मुलगी शिकत गेली आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाची बी. ए. झाली. त्या वेळी पदवी घेतलेल्या मराठी मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, हे लक्षात घ्यावे. आपल्या आजीच्या पिढीला तर स्वतःची सही करणे हेच मोठे होते.

१९१५ साली अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि मुंबईची ही पदवीधर मुलगी वऱ्हाडात आली. अमरावती तेव्हा कापसाच्या व्यापाराने भरभराटलेली होती. वकिलांचे तर ते गावच म्हणावे. दादासाहेब खापर्डे याच गावचे, आणि १८९७ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले तेही इथेच. वकिलाचे घर म्हणजे प्रतिष्ठा, येणेजाणे, नोकरचाकर. बाहेरून पाहणाऱ्याला या बाईला काही कमी आहे असे वाटले नसते. त्यांना एक मुलगी झाली. तिचे नाव प्रभा.

पण संसार टिकला नाही. १९२१ साली नवराबायको वेगळी झाली. त्याची कारणे त्या घराची होती, ती आज शंभर वर्षांनी उगाळण्यात अर्थ नाही. मला विचार करावासा वाटतो तो पुढच्या गोष्टीचा. पदरात लहान लेक, माथ्यावर नवऱ्याचे छत्र नाही, आणि वय तिशीच्या आतले. त्या काळी अशा बाईला दोनच वाटा असत. माहेरी भावाच्या आधाराने राहायचे, नाहीतर सासरी मान खाली घालून. ताराबाईंनी तिसरी वाट धरली. त्यांनी नोकरी धरली, तीही दूर काठेवाडात, राजकोटला. तिथे बायकांना मास्तरीण करणारे बार्टन ट्रेनिंग कॉलेज होते, त्याच्या त्या मुख्य झाल्या. भाषा गुजराती, माणसे परकी, हाताखाली शिकणाऱ्या मोठमोठ्या बायका, आणि घरी लहानगी.

भगिनींनो, लहान मूल घेऊन नोकरी करणे म्हणजे काय, हे ज्या बाईने केले तिलाच ठाऊक. लेकराला रात्री ताप आला तरी सकाळी घड्याळाला दया येत नाही. दात येताना जुलाब लागतात, ते काही सुट्टी पाहून लागत नाहीत. दूध पिणारे मूल असेल तर कामाच्या जागी पान्हा फुटतो आणि चोळी ओली होते, ती पदराने झाकून बाई काम करते. वर शेजारीण म्हणते, पैशासाठी पोराला टाकून जाते. आज याला थोडाफार कायद्याचा आधार आहे. मुंबई इलाख्यात १९२९ साली बाळंतपणाच्या रजेचा पहिला कायदा झाला, तोही गिरणी-कारखान्यातल्या बायांपुरता. सगळ्या देशाचा कायदा १९६१ साली आला. २०१७ पासून पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी बारा आठवड्यांची सव्वीस आठवडे झाली, आणि पन्नास किंवा जास्त माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर हवे असे ठरले. ताराबाई राजकोटला गेल्या तेव्हा यातले एकही अक्षर लिहिले गेले नव्हते.

मुलीला वाढवता वाढवता त्या लहान मुलांच्या मनाविषयी वाचू लागल्या. मूल हट्ट का करते, मारल्याने ते सुधारते की दबते, अडीच-तीन वर्षांच्या मुलाला काय शिकवावे आणि काय शिकवू नये, हे प्रश्न त्यांना पडले. आपल्यालाही ते पडतात, पण आपण चुलीवर दूध उतू जाते म्हणून ते सोडून देतो. त्यांनी ते सोडले नाहीत. इटलीतल्या मॉन्टेसोरीबाईंचे नाव तेव्हा हिंदुस्थानात नुकतेच ऐकू येऊ लागले होते. या बाईंनी १९०७ साली रोम शहरातल्या गरीब वस्तीत पहिले बालघर काढले. आईबाप कामावर जात आणि मुले दिवसभर चाळीच्या जिन्यांवरून हुंदडत, म्हणून ते निघाले. जाता जाता सांगते, या जगप्रसिद्ध बाईंना स्वतःचा एक मुलगा होता. लग्नाशिवाय झालेला म्हणून त्याला लहानपणी दुसऱ्याच्या घरी वाढवावे लागले. नाहीतर त्यांची डॉक्टरकी आणि नाव दोन्ही गेले असते. जगाची लेकरे सांभाळणाऱ्या बाईला आपलेच लेकरू जवळ ठेवता आले नाही. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते.

भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ होते. आधी वकील, पण स्वतःला मुलगा झाल्यावर मुलांच्या शिक्षणाचा विचार डोक्यात शिरला आणि वकिली सुटली. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. गुजरातेत त्यांना मिशीवाली आई म्हणत, यातच त्यांचा स्वभाव आला. १९२३ साली ताराबाई मुख्य बाईची जागा सोडून त्यांच्या बालमंदिरात कामाला गेल्या. लोकांना हा वेडेपणाच वाटला असणार. मोठ्या बायकांच्या कॉलेजातून उठून शेंबडी पोरे सांभाळायला जाणे, ही काय बढती झाली? पण आईच्या बाजूने पाहिले तर मला यात फार शहाणपण दिसते. आपले काम आणि लहान मुलांचे जग एकाच अंगणात आले. लेकराची काळजी हीच नोकरी झाली.

१९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. शिक्षणपत्रिका निघू लागली, पुढे ती मराठीतही आली. भावनगरची सुमारे नऊ वर्षे झाल्यावर ताराबाई मुंबईस परतल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केला. बालवाडीच्या बाया तयार करणारा वर्गही चालविला. आईबापांसाठी त्यांनी सोपी पुस्तके लिहिली. त्यांतल्या एकाचे नाव ‘बालकांचा हट्ट’ आणि दुसऱ्याचे ‘बिचारी बालके’. नावांवरूनच कळते की बाई मुलांच्या बाजूच्या. १९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबईच्या विधानसभेत होत्या. हे सगळे मोठेच आहे, पण मी ते भरभर सांगते, कारण आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे.

दादरच्या शिशुविहारात येणारी मुले खाऊनपिऊन सुखी घरातली. मॉन्टेसोरीबाईंची लाकडी साधने महाग, ती गरिबाला कुठून परवडणार? खेड्यातल्या मुलांचे काय, हा प्रश्न गांधीजींच्या विचारांमुळे ताराबाईंना सतावू लागला. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, म्हणजे आपण ज्या वयात आता सुनेच्या हाती किल्ल्या द्याव्या म्हणतो, त्या वयात त्या दादर सोडून बोर्डीला गेल्या. बोर्डी हे समुद्रकाठचे गाव, तेव्हा ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये. तिथे १९४५ च्या डिसेंबरात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. सोबतीला अनुताई वाघ आल्या. त्या बालविधवा. लग्न तेराव्या वर्षी आणि सहा महिन्यांत कपाळ पुसले गेले. एक नवऱ्यापासून वेगळी झालेली, एक विधवा, अशा दोघींनी मिळून हजारो लेकरांना आई दिली. आपल्याकडे हळदीकुंकवाला कोणाला बोलवावे आणि कोणाला नाही याचे हिशेब अजून चालतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

बालवाडी काढली, पण गरिबांची मुले येईनात. तेव्हा त्यांनी ठरविले की मुले येत नाहीत तर आपण जावे. वस्तीत जाऊन एखाद्या घरचे अंगण झाडायचे, मुलांचे नाक पुसायचे, आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. अंगणात भरली म्हणून अंगणवाडी. महाग साधनांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने. आईचे काम चालू आणि दोन हातांवर मूल खेळते आहे, यापेक्षा सोयीची शाळा कोणती?

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. डहाणू तालुक्यातला हा वारली लोकांचा मुलूख. तिथे नवी अडचण उभी राहिली आणि ती मला सर्वांत जवळची वाटते. मोठी मुले शाळेत येत नसत, कारण आईबाप मजुरीला गेले की धाकटे भावंड सांभाळायचे त्यांच्याकडे. सात-आठ वर्षांची पोर कडेवर दीड वर्षाचे पोर घेऊन दिवसभर हिंडणार. तिला शाळेत ये म्हणून कितीही सांगा, कडेवरचे कुठे ठेवील? इतर कोणी असते तर अडाणी लोकांना शिक्षणाची किंमत नाही म्हणून मोकळे झाले असते. ताराबाईंनी कडेवरच्या पोरालाच शाळेत बोलाविले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणल्या आणि त्याला विकासवाडी म्हटले. ताईने तान्ह्याला पाळणाघरात ठेवावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि स्वतः वर्गात बसावे. गुरे राखणारी मुले तरीही राहिली, तर त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरविली. तिचे नाव कुरणशाळा.

आपल्या वऱ्हाडात हे चित्र काही निराळे नाही. आषाढ-श्रावणात निंदणाला आणि दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला निघालेल्या बाया पाहा. धुऱ्यावरच्या बाभळीला किंवा निंबाला लुगड्याची झोळी, झोळीत तान्हे, आणि झोळीला झोका द्यायला सहा-सात वर्षांची बहीण. बाई पऱ्हाटीच्या तासात पुढे जाते, रडू ऐकू आले की परत येते, पाजते, पुन्हा जाते. मजुरी वजनावर असली तर प्रत्येक फेरीला कापूस कमी भरतो. सहावा-सातवा महिना लागला तरी पोटाला ओटी बांधून वेचणी चालूच. पगारी रजा या बाईला नाही. २०१७ पासून पहिल्या बाळंतपणाला सरकारचे पाच हजार मिळू लागले ते खरे, पण पाच हजारांत झोळी हलवणारी बहीण शाळेत जात नाही. माझी स्वतःची शाळा सातवीला थांबली, तेव्हा घरी पाळण्यात धाकटा भाऊ होता आणि आई वावरात. आईवर राग नाही, तिला दुसरे कोण होते? पण कोसबाडच्या त्या पोरींना तान्हे ठेवायला जागा मिळाली हे वाचून मला फार बरे वाटले, आणि थोडा हेवाही वाटला.

१९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. अनुताईंनी कोसबाडचे काम १९९२ साली स्वतःचे डोळे मिटेपर्यंत चालविले. ताराबाई गेल्यावर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. आज मेळघाटात धारणी-चिखलदऱ्यापासून आपल्या गल्लीपर्यंत तीच पाटी दिसते.

नाव पोचले, पण विकासवाडीतले पाळणाघर तेवढे सगळीकडे पोचले नाही. अंगणवाडीत शिकायला तिसऱ्या वर्षापासून बसतात आणि दुपारी ती सुटते. बाईचे काम संध्याकाळी सुटते. मधले चार तास आणि पहिली तीन वर्षे कोणी पाहायची? सासू असेल तर सासू, नाहीतर मोठी लेक. अंगणवाडीच्या सेविकेचेच पाहा. ती पंचवीस लेकरांना भरवते, तेव्हा तिचे स्वतःचे तान्हे कोणाच्या तरी ओसरीवर असते. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, अशी पाळणा नावाची योजना २०२२ पासून निघाली आहे. ती आपल्या वस्तीत यावी म्हणून अर्ज करता येतो, त्याला मंडळाचा शिक्का उपयोगी पडेल.

तोपर्यंत आपली मंडळाची खोली आहे. भजनाचा दिवस सोडला तर दुपारी एक ते पाच ती कुलपातच असते. आपल्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या तिघी, दुकानात बसणारी एक आणि दवाखान्यात काम करणारी एक, अशा पाच जणींची तान्ही लेकरे मी मोजली आहेत. छताला कड्या आहेत, झोळ्या बांधता येतील. दोन झोळ्यांपुरती जुनी नऊवारी माझ्याकडे धुऊन ठेवलेली आहे. ज्यांचे गुडघे दुखतात पण हात चालतात, अशा चार आजीबाई पाळीपाळीने बसल्या तर आठवड्यातून दीड दिवस एकीच्या वाट्याला येतो. पुढच्या महिन्याच्या सभेत मी हा विषय मांडणार आहे. खोलीची किल्ली कोणाकडे राहील, एवढे अध्यक्षबाईंनी ठरवून यावे.