महाडचा निकाल विहारात वाचा!

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे भारतीय संविधानाचे शिल्पकार आहेत, हे चळवळीतले लहान मूलही सांगते. पण ते शिल्पकार झाले कसे? २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि दुसऱ्या दिवशी बाबासाहेब घटनातज्ज्ञ झाले, असे घडलेले नाही. त्यामागे चौतीस वर्षांचा अभ्यास होता. त्या अभ्यासाचे नाव सार्वजनिक कायदा.

शेताच्या बांधावरून दोन भाऊ भांडतात, तो खासगी कायदा. सरकारची, नगरपालिकेची सत्ता कोठे संपते आणि नागरिकाचा हक्क कोठे सुरू होतो, हे सांगतो तो सार्वजनिक कायदा. पाणी, रस्ता, शाळा, नोकरी, मतदान हे आपल्या समाजाचे सगळे प्रश्न या दुसऱ्या कायद्यातले. बाबासाहेबांनी हे फार लवकर ओळखले.

१९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. कर कोणी लावायचा, खर्च कोणी करायचा, केंद्राचे काय आणि प्रांताचे काय, हा त्याचा विषय. वरवर पाहता तो अर्थशास्त्राचा, पण मुळात सत्तेच्या वाटणीचा आहे. मध्यंतरी १९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले होते.

पुस्तकातला कायदा त्यांनी महाडला जमिनीवर आणला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. सनातन्यांनी दिवाणी दावा दाखल केला आणि डिसेंबरमध्ये तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी तो हुकूम मोडला नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली आणि तळ्याची लढाई न्यायालयात लढवली. १९३१ साली महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. अपील आले ते आपल्या ठाण्याच्या न्यायालयात. जानेवारी १९३३ मध्ये तेही फेटाळले गेले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. सत्याग्रहाला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस बाकी होते!

हा निकाल नीट वाचला पाहिजे. तळे नगरपालिकेचे ठरले आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. परंतु अशी रूढी मुळातच सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय, या प्रश्नात न्यायालय शिरलेच नाही. म्हणजे तळे जिंकले, तत्त्व बाकी राहिले. ते तत्त्व पुढे संविधानाच्या कलम १५ आणि १७ मध्ये आले.

हा निकाल लागला तेव्हा बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९३५ ते १९३८ या काळात त्यांनी ते पद सांभाळले. इंग्लंडच्या राज्यघटनेवरची त्यांची व्याख्याने शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या १२ व्या खंडात आहेत. जानेवारी १९३९ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेत त्यांनी १९३५ च्या कायद्यातील संघराज्य योजनेची चिरफाड केली. शिकवणे, लढणे आणि लिहिणे ही कामे त्यांनी कधी वेगळी मानली नाहीत. म्हणूनच मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट दाखवणारे कलम ३२ त्यांना संविधानाचा प्राण वाटले. हक्क कागदावर मिळतो, पण दाद मागण्याची सोय नसेल तर तो कागदावरच राहतो, हे त्यांनी महाडला दहा वर्षे अनुभवले होते.

आता आपल्याकडे पाहू. ठाणे व कल्याणच्या न्यायालयांत आपले शेकडो तरुण काळा कोट घालून उभे आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. धनादेशाचे, अपघाताचे, जागेचे खटले चालवावेच लागतात, पोटाचा प्रश्न आहे. पण घटनात्मक किंवा प्रशासकीय कायदा घेऊन एल.एल.एम. करणारे, त्यावर संशोधन करणारे किती? १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला सहा विरुद्ध एक अशा बहुमताने मान्यता दिली. त्या दिवसापासून आपल्या वस्त्यांत बाजूने आणि विरोधात भाषणे झाली. त्यांतल्या कितीजणांनी तो निकाल वाचला? सहा न्यायमूर्ती काय म्हणाले आणि एका न्यायमूर्तींनी का विरोध केला, हे न वाचता विरोधही लंगडा आणि समर्थनही लंगडे.

एवढेच करू या. डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंतच्या प्रत्येक विहारात महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर एक निकाल मराठीतून समजावून सांगायचा. सांगणारा आपलाच वकील, ऐकणारी आपलीच माणसे. सुरुवात १९३७ च्या महाडच्या निकालाने करावी. जयंतीच्या मंडपावर खर्च होतो, त्याचा दहावा हिस्सा कायद्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या पुस्तकांसाठी ठेवावा.

पुतळ्यातील बाबासाहेबांच्या हातात पुस्तक आहे. ते उघडायचे काम आपले आहे.

जय भीम!