वर्ध्याचा पोळा आणि मेक्सिकोचा मका : डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे जीवन

शाळेत प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांच्या मनातील एक शंका मला इतक्या वर्षांत चांगली ओळखता येऊ लागली आहे. मारतहळ्ळीसारख्या ठिकाणी, कन्नड भाषेच्या आणि चालीरीतींच्या सान्निध्यात राहून मूल मराठीत शिकले, तर ते इथल्या लोकांना परके होईल का? आणि इथले सगळे आपलेसे केले, तर ते आपल्या घराला परके होईल का? हीरक महोत्सवाच्या या स्मरणिकेत काय लिहावे, असा विचार करताना ज्यांनी हीच शंका अनेक दशके जगून पाहिली असेल, अशा एका मराठी पुरुषाचे चरित्र आठवले. ते म्हणजे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव अनेकांनी ऐकलेले असते. पण त्यांच्या आयुष्याचा सर्वांत मोठा कालखंड मेक्सिकोच्या खेड्यांत, तिथल्या सणावारांत आणि शेताच्या बांधावर गेला, हे फारसे सांगितले जात नाही.

खानखोजे यांचा जन्म १८८४ मध्ये वर्ध्याचा. प्राथमिक शिक्षण वर्ध्यास आणि पुढील शिक्षण नागपुरास झाले. वऱ्हाड-नागपूरच्या मुलखात वाढलेल्या मुलाला पोळा वेगळा समजावून द्यावा लागत नाही. श्रावणी अमावास्येला बैलांची खांदेमळणी, रंगविलेली शिंगे, पाठीवरच्या झुली आणि दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी घेऊन निघणाऱ्या मुलांचा तान्हा पोळा हे त्या प्रदेशाचे वैभव आहे. शेतकऱ्याचे दारिद्र्य, दुष्काळ आणि परकी सत्ता हेही त्याच मुलखात त्यांना दिसले. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावलेल्या त्या पिढीतील हा तरुण १९०६ च्या सुमारास घर सोडून जपानमार्गे अमेरिकेस गेला. पुन्हा मायभूमीत राजरोस पाऊल ठेवण्यास त्याला चार दशकांहून अधिक काळ वाट पाहावी लागणार होती.

अमेरिकेत त्यांनी मिळेल ती मजुरी केली, लष्करी शिक्षण घेतले आणि त्याबरोबरच शेतीशास्त्राचाही अभ्यास केला. ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांतील कृषी महाविद्यालयांत ते शिकले. १९१३ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील पंजाबी मजूर आणि भारतीय विद्यार्थी यांच्यातून गदर चळवळ उभी राहिली, तेव्हा तिच्या संस्थापक मंडळींत खानखोजे होते. पहिल्या महायुद्धात ते इराणात ब्रिटिशांविरुद्ध लढले. पुढे १९२१ मध्ये मॉस्को आणि त्यानंतर बर्लिन असा त्यांचा प्रवास झाला. शस्त्राने देश मुक्त करण्याचे स्वप्न त्या वाटेत मावळत गेले आणि मायदेशाचे दार तर बंदच होते. अशा अवस्थेत, चाळिशीला टेकलेला हा मनुष्य १९२४ मध्ये मेक्सिकोत उतरला.

मेक्सिकोही नुकताच मोठ्या क्रांतीतून बाहेर पडत होता. जमीनदारांच्या प्रचंड वाड्या मोडून गावांना जमीन देण्याचे काम चालू होते. टेस्कोकोजवळ चापिंगो येथे अशाच एका जुन्या जमीनदारी वाड्यात राष्ट्रीय कृषी विद्यालय आले होते. कृषिमंत्री रामोन दे नेग्री यांच्या साहाय्याने खानखोजे यांना तिथे अध्यापनाचे काम मिळाले. त्या वाड्याच्या जुन्या प्रार्थनामंदिरात त्याच काळात, १९२४ ते १९२७ या वर्षांत, चित्रकार दिएगो रिव्हेरा भिंती रंगवीत होते. संतांच्या जागी तिथे नांगरलेली भूमी, बीज आणि शेतकरी चितारले गेले. एके काळी जिथे धन्याची प्रार्थना चाले, तिथे आता शेतकऱ्यांची मुले जमत.

खानखोजे यांचे संशोधन प्रामुख्याने मक्यावर आणि गव्हावर होते. मेक्सिकोत मका हे केवळ पीक नव्हे. ज्वारीवाचून जसे आपले जुने खेडे कल्पिता येत नाही, तसे मक्यावाचून तिथले गाव कल्पिता येत नाही. तिथली गृहिणी रात्री मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवते, सकाळी साले काढून दगडी पाट्यावर वाटते आणि मातीच्या तव्यावर पातळ भाकरी भाजते. तिलाच तोर्तिया म्हणतात. चुन्याची ही रीत अडाणीपणाची नाही. तिच्यामुळे मक्यातील एक जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. युरोपने मका नेला, पण ही रीत नेली नाही. म्हणून तिथल्या गरिबांना पेलाग्रा नावाच्या रोगाने पुढे फार छळले. शेतातही मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरण्याची जुनी पद्धत होती. मका घेवड्याला आधार देई, घेवडा जमिनीला नत्र देई आणि भोपळ्याची पाने ओल टिकवीत. अशा ठिकाणी परदेशी पदवी घेऊन आलेल्या शास्त्रज्ञाला शिकवण्याइतकेच शिकावेही लागते. बांधावर वाढणारे मक्याचे रानटी भावंड, तेओसिंते, शेतकऱ्यांना परिचित होते; खानखोजे यांनी मक्याशी त्याचा संकर करून नवी वाणे सिद्ध केली. या प्रयोगांची छायाचित्रे तिना मोदोत्ती या विख्यात छायाचित्रकार स्त्रीने घेतली आहेत.

त्या गावांचे वर्ष सणांवर चाले. २ फेब्रुवारीला मेणबत्त्यांचा सण येई. बालयेशूच्या मूर्तीबरोबर अनेक शेतकरी पेरणीचे बियाणेही देवळात नेऊन आशीर्वाद घेत आणि घरोघर मक्याच्या पिठाचे, पानात गुंडाळून वाफवलेले तामाल होत. १५ मे हा शेतकऱ्यांचा संत इसिद्रो याचा दिवस. पावसाच्या तोंडावर बैलांना फुलांनी आणि फितींनी सजवून मिरवत नेत. वर्ध्याकडच्या माणसाला त्या मिरवणुकीत पोळा दिसल्यावाचून कसा राहील? नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मृतांचा सण असे. घरात वेदी मांडून दिवंगतांच्या आवडीचे पदार्थ, पाणी, दिवा आणि धूप ठेवीत आणि दारापासून वेदीपर्यंत पिवळ्या पाकळ्यांची वाट करीत. पितृपक्षात वाडी ठेवणाऱ्या आपल्या घरांना हे मुळीच परके वाटणार नाही. ती पिवळी फुले म्हणजे झेंडू! झेंडू हे मूळ मेक्सिकोचेच फूल आहे. आपण दसऱ्याला दाराला ज्याचे तोरण बांधतो, ते फूल समुद्र ओलांडून कधी आपले झाले, हे आपल्याला आठवतही नाही. डिसेंबरच्या १२ तारखेला ग्वादालूपेच्या मातेच्या दर्शनाला दूरदूरची गावे पायी निघत. पंढरीच्या वारीचे स्मरण व्हावे असेच ते दृश्य. त्यानंतर नाताळपर्यंतच्या नऊ रात्री आसरा मागणाऱ्या मेरी-जोसेफची सोंगे घेऊन लोक दारोदार जात आणि शेवटी मुले डोळे बांधून मिठाईने भरलेले रंगीत मडके फोडीत. गोकुळाष्टमीची दहीहंडी पाहिलेल्या मुलाला त्या खेळाचे नियम सांगावे लागत नाहीत.

मात्र हे सारे गोड चित्रच होते असे नाही. १९२६ मध्ये सरकार आणि चर्च यांच्यात तीव्र संघर्ष पेटला. धर्मगुरूंवर निर्बंध आले, निषेध म्हणून चर्चमधील सार्वजनिक उपासना बंद झाली आणि पश्चिम-मध्य मेक्सिकोत १९२९ पर्यंत सशस्त्र बंड चालले. खानखोजे सरकारी विद्यालयात शिकवत होते. क्रांतिकारकांशी त्यांचा स्नेह होता. ज्यांच्यासाठी ते राबत होते, तो शेतकरी मात्र घरच्या घरी संतांपुढे मेणबत्ती लावीत होता. दोहोंच्या मधोमध उभ्या असलेल्या परक्या माणसासाठी एका बाजूची निंदा करणे सोपे होते. खानखोजे यांनी वादात उतरण्यापेक्षा बियाण्याच्या कामाला हात घातला. १९२८ च्या सुमारास त्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा सुरू केल्या. त्यांपैकी एक सान मिगेल चिकोंकुआक या गावी होती. गावाच्या नावात संत मिगेल आणि शाळेला नाव क्रांतिकारक एमिलियानो झापाटाचे. एकाच गावात दोन्ही श्रद्धा नांदल्या. बियाणे कसे निवडावे, वाण कसे सुधारावे, हे शेतकऱ्याला त्याच्याच गावात, मोफत शिकवण्याची ती सोय होती.

मेक्सिको नगरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेरा यांनी १९२८ मध्ये काढलेल्या एका चित्रात सर्व वर्णांची माणसे एका मेजाभोवती बसली आहेत आणि शीर्षस्थानी बसलेला पुरुष भाकर मोडून वाटतो आहे. त्या पुरुषाचे रूप खानखोजे यांचे असल्याचे मानले जाते. ज्याला स्वतःच्या देशात प्रवेश नव्हता, त्याला दुसऱ्या देशाने आपल्या भिंतीवर यजमानाच्या जागी बसवले.

१९३६ मध्ये खानखोजे यांनी झान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला. सावित्री आणि माया या त्यांच्या दोन मुली. आई बेल्जियमची, वडील वर्ध्याचे आणि जन्मभूमी मेक्सिको, असे ते घर होते. त्या घरात मुलींना दिलेली ही नावे पाहिली, म्हणजे वडिलांनी कोणता धागा सोडला नाही हे कळते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मध्यप्रांत सरकारच्या निमंत्रणावरून शेतीविषयक सल्ला देण्यासाठी ते भारतात आले. चार दशकांनी परतणाऱ्या या देशभक्ताला विमानतळावर अडवण्यात आले, कारण ब्रिटिशांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव तसेच राहिले होते. देश स्वतंत्र झाला होता. कागद अजून झाले नव्हते. १९५५ मध्ये ते कुटुंबासह कायमचे नागपुरास आले. आता परकेपणाची पाळी पत्नीची आणि मुलींची होती. ज्या मुलींनी मेक्सिकोत मडकी फोडली, त्यांना नागपूरच्या उन्हात नव्याने रुजायचे होते. खानखोजे यांच्या त्यागाची खरी किंमत इथे लक्षात येते. त्यांच्या निष्ठेचा काही भार घरच्यांनीही वाहिला. कन्या सावित्री यांनी पुढे इंग्रजीत वडिलांचे चरित्र लिहिले आणि मराठीत वीणा गवाणकर यांनी ते घरोघरी पोहोचवले, हे आपले भाग्य.

१९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले आणि आपल्या शेतीने नवे वळण घेतले. ते बियाणे इतर शास्त्रज्ञांच्या परिश्रमाचे होते. पण ज्या भूमीत खानखोजे यांनी गव्हावर वर्षानुवर्षे काम केले, तिथून ते येताना पाहण्याचे समाधान त्यांना आयुष्याच्या अखेरीस लाभले असेल. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभारला गेला.

ज्या दशकात ते गेले, त्याच दशकात आपली शाळा सुरू झाली. संक्रांतीला आपली मुले शेजारी तिळगूळ घेऊन जातात आणि एळ्ळु-बेल्ल घेऊन परत येतात. कार्तिकात बसवनगुडीच्या नंदीला शेतकरी नव्या भुईमुगाचा पहिला वाटा वाहतात. ती कडलेकाई परिषे पाहून आलेली मुले वर्गात त्याचे वर्णन करतात, तेव्हा मला वर्ध्याचा पोळा आणि संत इसिद्रोचे बैल एकदम आठवतात. आरंभी सांगितलेली शंका घेऊन येणाऱ्या पालकांना मी आता खानखोजे यांचे चरित्र वाचावयास देते. ज्याला आपला पोळा मनापासून ठाऊक आहे, त्याला दुसऱ्याच्या बैलांना हार घालताना संकोच वाटत नाही. आपला पोळा मुलांना ठाऊक असावा, एवढ्यासाठी ही शाळा साठ वर्षे उभी आहे. आणि दुसऱ्याच्या अंगणात आदराने पाऊल टाकण्याचे बळही त्यांना तिथूनच मिळावे, अशी माझी इच्छा आहे.