हरवलेल्या वाफ्याचा हिशेब

संख्याशास्त्र म्हटले की आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांच्या कपाळाला आठी पडते. सर रोनाल्ड एल्मर फिशर यांचे चरित्र वाचताना मात्र मला कादंबरीइतका रस वाटला.

त्यांचा जन्म लंडनमध्ये १७ फेब्रुवारी १८९० रोजी झाला. दृष्टी लहानपणापासूनच अधू. शाळेत असताना दिव्याच्या उजेडात वाचायला डॉक्टरांनी मनाई केली, तेव्हा संध्याकाळचे गणित ते नुसते ऐकून शिकले. कागदावाचून आकृती मनात उभी करण्याची सवय लागली ती तेव्हापासून. याच डोळ्यांपायी पहिल्या महायुद्धात सैन्याने त्यांना नाकारले आणि काही वर्षे त्यांनी शाळामास्तरकी केली. १९१९ साली कार्ल पिअर्सन यांच्या नामांकित प्रयोगशाळेतली देऊ केलेली जागा नाकारून हा केंब्रिजचा पदवीधर रॉथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात गेला! तेथे १८४३ पासूनच्या प्रयोगांचे आकडे साचून पडले होते.

फिशर यांनी शेतीच्या प्रयोगाला शिस्त लावली. जमिनीचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात प्रत्येक वाण एकदा लावायचा आणि कोणता वाण कोठे, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. पण शेत ते शेत. एखाद्या वाफ्यात गुरे शिरतात, पाणी तुंबते, आणि एक आकडा गहाळ झाला की साऱ्या मांडणीचा तोल जातो. यावर रॉथॅमस्टेडच्याच बेटी अ‍ॅलन व जॉन विशार्ट यांनी १९३० साली उपाय सुचवला. फिशर यांचे सहकारी फ्रँक येट्स यांनी १९३३ मध्ये तो अनेक हरवलेल्या वाफ्यांपर्यंत नेला.

समजा, अ, ब, क हे तीन वाण आणि तीन पट्टे आहेत. पहिल्या पट्ट्यात उत्पन्न १०, १२, १४ किलो. दुसऱ्यात ११, १३, १५. तिसऱ्यात अ १२, ब १४ आणि क नाहीसा. क च्या उरलेल्या दोन आकड्यांची सरासरी १४.५ येते, पण तिसरा पट्टा सर्वांत कसदार आहे हे ती विसरते. सूत्र असे : क ची उरलेली बेरीज २९ आणि पट्ट्याची उरलेली बेरीज २६, दोन्ही तिप्पट करून मिळवायच्या, त्यातून एकूण बेरीज १०१ वजा करायची आणि चाराने भागायचे. उत्तर १६. (खऱ्या शेतातले आकडे इतके शहाण्यासारखे वागत नाहीत, हे सांगायला नकोच.)

मला खरी गोडी वाटली ती पुढच्या पायरीची. हे १६ किलो कोणी कापलेले नाहीत, मळलेले नाहीत. ते केवळ हिशेब चालावा म्हणून मांडलेले. म्हणून त्रुटीच्या खात्यातली एक डिग्री ऑफ फ्रीडम कमी करायची; येथे चाराच्या तीन. भरलेल्या आकड्याने ज्ञान वाढले, असा दावा करायचा नाही.

फार गुळगुळीत आकड्यांचा फिशर यांना संशयच येई. मेंडेलच्या वाटाण्यांची आकडेमोड त्यांनी १९३६ साली तपासली, तेव्हा ती अपेक्षेशी जरा जास्तच जुळते असे त्यांना आढळले. आपल्याकडे पानसे आणि सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथाने प्रयोगरचनेचे हे शास्त्र शेतकी संशोधकांच्या हाती दिले.

माणूस म्हणून मात्र फिशर मला निर्दोष वाटत नाहीत. वंशसुधारणेच्या विचारांचा त्यांनी पुरस्कार केला. त्यामुळेच २०२० साली केंब्रिजच्या त्यांच्या कॉलेजने त्यांच्या स्मरणार्थ बसवलेली रंगीत काचेची खिडकी काढली. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो हेही या पाइप ओढणाऱ्या गृहस्थांनी अखेरपर्यंत मानले नाही. २९ जुलै १९६२ रोजी अ‍ॅडलेड येथे त्यांचे निधन झाले.

तोवर रॉथॅमस्टेडमध्ये संगणक आला होता. हीली व वेस्टमॅकॉट यांनी १९५६ मध्ये त्याच्याकरवी रिकाम्या जागा भरण्याची रीत मांडली : आधी अंदाजी आकडा घाला, विश्लेषण करा, येणारे उत्तर त्या जागी ठेवा, आणि आकडा स्थिरावेपर्यंत हेच करीत राहा. आज ‘आर’ या संगणकभाषेत गहाळ आकड्याच्या जागी ‘एनए’ असते. सरासरी विचारली तर उत्तरही ‘एनए’च येते. एका ओळीच्या आज्ञेने तेथे सरासरी भरता येते, आमच्या वर्गात सर्रास भरतातही. पण मग आकड्यांची पांगापांग खोटीच कमी दिसते. डोनाल्ड रुबिन यांनी १९८७ च्या ग्रंथात विशद केलेल्या पद्धतीत प्रत्येक रिकाम्या जागेसाठी अनेक वेगवेगळे आकडे घेतात, तितक्या वेळा विश्लेषण करतात, आणि उत्तरांतला फरक अनिश्चिततेच्या खात्यावर मांडतात.