१५८ दिवस शॉर्ट

मागच्या सेमला डिफॉल्टर लिस्टमध्ये माझं नाव लागलं, तेव्हा माझी फक्त चार लेक्चर्स कमी होती. रूमवर येऊन जाम रडले. त्याच आठवड्यात सॅचेल पेजबद्दल वाचलं आणि माझं दुःख अगदीच चिल्लर वाटायला लागलं.

पेज हा अमेरिकन बेसबॉलमधला पिचर, म्हणजे आपल्या भाषेत बॉलर. जन्म १९०६ चा, अलाबामातल्या मोबील गावचा. लहानपणी स्टेशनवर बॅगा उचलायचा, त्यावरूनच हे नाव पडलं. चोऱ्या आणि शाळेला दांड्या, म्हणून बाराव्या वर्षी सुधारगृहात रवानगी झाली. पाच वर्षं तिथे काढली आणि पिचिंग तिथेच शिकला. (हॉस्टेलवाल्यांनो, होप आहे!)

पण तो काळा होता. तेव्हा मेजर लीगमध्ये काळ्यांना घेतच नसत. त्यामुळे १९२६ पासून हा बाबा काळ्या खेळाडूंच्या टीम्समधून फिरत राहिला. चॅटनूगा, बर्मिंगहॅम, पिट्सबर्ग, जो जास्त पैसे देईल त्याच्याकडे. १९३७ मध्ये तर डॉमिनिकन रिपब्लिकच्या हुकूमशहाच्या टीमकडूनही खेळून आला. पुढच्या वर्षी मेक्सिकोत हात असा दुखावला की वर उचलेना. सगळ्यांनी हा संपला असंच धरलं. कॅन्सस सिटी मोनार्क्सच्या मालकाने मात्र त्याला आपल्या दुय्यम टीमसोबत गावोगाव फिरवलं, निदान नाव बघून तरी लोक तिकीट काढतील म्हणून. आणि हात चक्क परत आला!

१९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने मेजर लीगचं दार उघडलं. १९४८ मध्ये, ऐन ४२ व्या वाढदिवशी, क्लीव्हलँडने पेजला घेतलं. त्या सीझनला तो सहा मॅचेस जिंकला, एकच हरला. टीम वर्ल्ड सिरीज जिंकली. मग सेंट लुईसकडून तीन वर्षं. १९६५ मध्ये कॅन्सस सिटीकडून बोस्टनविरुद्ध तीन इनिंग्ज टाकल्या, एकही रन दिला नाही. वय ५९!

मला खटकलं ते पुढेच. पेन्शनसाठी मेजर लीगमधलेच दिवस धरत. आधीची वीसेक वर्षं झीरो. ज्यांनी आत येऊ दिलं नाही, त्यांनीच अटेंडन्स मोजली, आणि ती १५८ दिवस कमी भरली.

१९६८ मध्ये अटलांटा ब्रेव्हजच्या मालकाने, बिल बार्थोलोमे यांनी, त्याला कोच म्हणून पगारावर घेतलं, मुख्यतः ते दिवस भरावेत म्हणून. बासष्टाव्या वर्षी हा माणूस पुन्हा युनिफॉर्म घालून पोरांना पिचिंग शिकवायला उभा राहिला. १९६९ मध्ये दिवस भरले.