हेन्री मॉड्स्ली

बाजारातून एका मापाचा नट आणावा आणि तो त्या मापाच्या कोणत्याही बोल्टावर बसावा, याचे आज कोणासही नवल वाटत नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मात्र प्रत्येक बोल्टाचा नट निराळा असे. तो हरवला की नवा घडवावा लागे. ही अव्यवस्था ज्या कारागिरांमुळे संपली, त्यांत हेन्री मॉड्स्ली याला आम्ही अग्रस्थान देतो.

त्याचा जन्म 22 ऑगस्ट 1771 रोजी लंडनजवळील वुलिच येथे झाला. बाप तेथील सरकारी शस्त्रागारात कामास होता. बाराव्या वर्षीच हेन्री काडतुसांत दारू भरण्याच्या कामावर लागला. पुढे त्याला सुतारखान्यात घातले. पण त्याचे लक्ष रंध्यापेक्षा लोहाराच्या भट्टीकडे अधिक. अखेर पंधराव्या वर्षी त्याला लोहारखान्यात घेण्यात आले, आणि त्याचे खरे शिक्षण तेथेच झाले.

जोसेफ ब्रामा या कल्पक गृहस्थाने एक अभेद्य कुलूप शोधून काढले होते. परंतु त्याचे बारीक भाग हाताने घडविणे परवडत नव्हते. अठरा वर्षांच्या मॉड्स्लीला त्याने बोलावून घेतले. मुलाने ते भाग तयार करणारी यंत्रेच उभी केली आणि लवकरच तो कारखान्याचा मुकादम झाला. पगार आठवड्याला 30 शिलिंग. संसार वाढला तेव्हा त्याने वाढ मागितली. ब्रामाने ती तुटकपणे नाकारली. तेव्हा 1797 साली मॉड्स्लीने नोकरी सोडून स्वतःचे लहानसे दुकान थाटले. एवढ्या थोड्या पैशांसाठी असा माणूस गमावणाऱ्या धन्याच्या व्यवहारबुद्धीचे आम्हांस आश्चर्य वाटते.

आपल्याकडील चितारी किंवा सावंतवाडीचा कातारी लाकूड फिरते ठेवून हत्यार हाताने धरतो. त्या काळी बहुतेक कारागीर लोखंडही असेच कातीत. हात थकला की माप चुके. मॉड्स्लीने हत्यार एका सरकत्या बैठकीवर घट्ट बसविले, आणि ती बैठक एका लांब स्क्रूने पुढे नेली. दातेरी चाके बदलली की हवे तसे आटे पडत. अशी खटपट त्याच्यापूर्वीही काहींनी केली होती, म्हणून सारे श्रेय त्या एकट्यास देणे रास्त नव्हे. परंतु असे भक्कम, लोखंडी लेथ कारखान्याच्या नित्याच्या उपयोगात आणले ते त्यानेच. त्याचे एक लेथ लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जतन केलेले आहे.

मुख्य अडचण निराळीच होती. त्या लांब स्क्रूत जी चूक असेल, ती त्यावर पाडलेल्या प्रत्येक आट्यात उतरणार! म्हणून पहिला निर्दोष स्क्रू मिळविण्यासाठी त्याने अपार कष्ट घेतले.

आमच्या गावातील एका यंत्रशाळेने मध्यंतरी एक लहानसे जुने लेथ विकत आणले. ते पाहावयास आम्ही काही विद्यार्थ्यांसह गेलो होतो. वृद्ध मिस्त्रीने रंगरूपाकडे ढुंकूनही पाहिले नाही. प्रथम त्याने तो लांब स्क्रू तपासला, मग चकाजवळचा बेड. कारण बहुतेक काम तेथेच होत असल्याने झीजही तेथेच अधिक. नंतर सपाट पाट्यावर निळा रंग पुसून तो भागांवर घासावयाचा, जेथे रंग लागेल तो उंचवटा खरवडावयाचा, असे कित्येक दिवस चालले. मॉड्स्लीच्या कारखान्यातही पारख करण्यासाठी असे सपाट पाटे कारागिरांच्या बाकांवर ठेवलेले असत.

इंग्लंडच्या आरमाराला दरसाल सुमारे एक लाख कप्प्या लागत. ब्रुनेलने योजलेली 45 यंत्रे मॉड्स्लीने पोर्ट्‌स्मथच्या गोदीसाठी घडविली, आणि 110 माणसांचे काम 10 माणसे करू लागली. उरलेल्या शंभरांचे काय झाले, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

लंडनच्या लॅम्बेथ भागातील त्याच्या मोठ्या कारखान्यात नॅस्मिथ, रॉबर्ट्‌स, व्हिटवर्थ असे कारागीर तयार झाले. यांपैकी व्हिटवर्थनेच 1841 साली आट्यांचे एक ठराविक माप सुचविले. मॉड्स्लीच्या मेजावर सूक्ष्म मापनाचे एक उपकरण असे. त्याचा निकाल अखेरचा, म्हणून त्याला त्याने नाव दिले होते ‘लॉर्ड चॅन्सेलर’.

1831 च्या आरंभी फ्रान्सहून परत येताना त्याला सर्दी झाली. ती बळावून 14 फेब्रुवारी रोजी तो निवर्तला. वुलिच येथे त्याला पुरण्यात आले. तेथील समाधी ओतीव लोखंडाची होती आणि तिचा आराखडा त्याने स्वतःच करून ठेवला होता.