पेशींची शिस्त शोधणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

जखम भरून येते, मूल वाढते, झिजलेल्या त्वचेच्या जागी नवी त्वचा येते. या सर्वांच्या मुळाशी पेशीविभाजन आहे. विभाजनापूर्वी पेशी आपल्या ४६ गुणसूत्रांची प्रत तयार करते आणि दोन्ही नव्या पेशींना समान वाटा देते. गरज संपली की विभाजन थांबते. ज्या पेशी थांबण्याची ही शिस्त सोडतात, त्यांतून कर्करोग उद्भवतो. ही शिस्त का सुटते, या प्रश्नासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यातील समर्थ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. मुलीने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा. कमलताईंनी मात्र वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्राची वाट धरली. पदव्युत्तर अभ्यासासाठी त्यांनी निवडला तो आपल्या डोंगरमाळांवर वाढणाऱ्या सीताफळाच्या कुळातील पेशी व गुणसूत्रांचा विषय. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली.

पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत, शरीराबाहेर काचपात्रात पेशी जिवंत ठेवून वाढविण्याचे तंत्र त्यांनी आत्मसात केले. याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी अखंड विभागत राहिल्या. त्या आजही जगभर संशोधनास उपयोगी पडतात. त्या घेताना तिची संमती कोणी घेतली नव्हती आणि तिचे नावही दीर्घकाळ अज्ञात राहिले. विज्ञान वंचितांकडून किती घेते आणि त्यांना काय परत देते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

मायदेशी परतल्यावर कमलताईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनातील पेशींना वाढीचा संदेश संप्रेरकांकडून मिळतो. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा स्तनाच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून तपासला. १९६६ ते १९७० या काळात केंद्राचे संचालकपद त्यांनी सांभाळले. १९७३ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापिली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

त्यांचे निवृत्तीनंतरचे कार्य आम्हांस अधिक जवळचे वाटते. आपल्याच नगर जिल्ह्यातील आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनी केला आणि ग्रामीण स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देण्यासाठी त्या झटल्या. काचपात्रातील पेशीपासून झोपडीतील उपाशी मुलापर्यंत त्यांचे विज्ञान चालत आले. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

कोल्हार परिसरातील माता-भगिनींना आमची विनंती आहे : स्तनात गाठ जाणवल्यास लाजेने वा भीतीने लपवू नका. लवकर निदान झालेला कर्करोग बरा होण्याची शक्यता अधिक असते. आणि पालकहो, मुलीने सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा हट्ट धरला, तर तिचे शिक्षण दहावीवर थांबवू नका.