कुमारप्पा आणि बैलगाडीची धाव

तंजावर येथे ४ जानेवारी १८९२ रोजी जन्मलेले जे. सी. कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबतपासनीस झाले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकले आणि १९३४ पासून वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे चिटणीस म्हणून रमले. पक्के रस्ते उखडू नयेत म्हणून बैलगाड्यांना हवेचे रबरी टायर लावण्याची सूचना त्यांना साफ अमान्य होती. लोखंडी धाव गावचाच लोहार चढवतो. टायरचा पैसा कारखान्याकडे जातो. गुळगुळीत रस्ते मोटारींना हवेत, तर खर्चही मोटारवाल्यांनीच सोसावा, हा त्यांचा रोखठोक हिशेब. बैलाचे कष्ट मात्र या हिशेबात काहीसे मागे पडले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, ते निवर्तले. पुढे विदर्भातल्या गाड्यांनाही टायर लागलेच.